बाराचा भोंगा आणि मास्तरांचा दात

मी दिवसा जकात नाक्यावर कारकून होतो आणि संध्याकाळी जाझ वाजवत होतो. पहिली गोष्ट सांगितली की लोक मान डोलावतात, दुसरी सांगितली की ह्याचं बरं चाललंय ना, अशा नजरेनं बघतात. सत्त्याहत्तर सालच्या आसपासचं कोल्हापूर म्हणजे कुस्ती, सिनेमा, गूळ आणि भजन. त्यात हे जाझ कुठून शिरलं, हा प्रश्न मलाही पडायचा. पण मी ड्रम वाजवायचो, आणि ड्रम वाजवणाऱ्याला प्रश्न पडून चालत नाही. त्याला मोजावं लागतं.

आम्ही नऊजण होतो. पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर आमचा सराव चालायचा. खाली पैलवान बैठका मारायचे, वर आम्ही फुंकायचो. एकदा चार पैलवान जिना चढून वर आले तेव्हा आमची पाचावर धारण बसली. आवाजाची तक्रार असणार, हे उघड होतं. पण तक्रार निघाली वेगळीच. माझ्या ठोक्यावर बैठका मारायची त्यांना सवय लागली होती, आणि आम्ही हल्ली संथ गाणी फार घेत असल्यामुळं त्यांच्या मांड्या भरून येत होत्या. जरा लवकर उठता-बसता येईल असं काहीतरी वाजवा, एवढीच त्यांची विनंती होती. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही फक्त जलद गाणी घ्यायला लागलो.

आमची संस्था रीतसर नोंदलेली होती. हे काम सरांचं. सर एका हायस्कुलात गणित शिकवायचे, आमच्यात क्लॅरिनेट वाजवायचे, आणि दोन्हीकडं काही चुकलं की चष्मा काढून पुसायचे. नोंदणीच्या कचेरीत त्यांना विचारलं गेलं, की संस्था धार्मिक, शैक्षणिक की वैद्यकीय? सरांनी जाझ म्हणजे काय हे तिथल्या कारकुनाला पाऊण तास समजावून सांगितलं. त्यानं शेवटी वैतागून ‘इतर’वर खूण केली. मी स्वतः कारकून असल्यामुळं मला त्या माणसाची दया आली.

संस्थेच्या घटनेत सरांनी पहिलंच कलम घातलं, की संस्था कोणाकडूनही मानधन घेणार नाही. कला विकायची नाही, असा त्यांचा बाणा होता. या कलमानं आमचा घात केला. आमच्या गावाचा माणूस विकत घेतलेल्या वस्तूला नावं ठेवील, पण फुकट मिळालेल्या वस्तूवर कधी विश्वास ठेवणार नाही. पैसे घेत नाहीत म्हणजे धड वाजवायला येत नसणार, असा सरळ हिशेब. एका मंडळानं आम्हाला गणपतीत बोलावलं, फुकट म्हटल्यावर दोन दिवस विचार केला आणि मग पैसे देऊन दुसरा बँड आणला. आम्ही मिरवणूक बघायला गेलो होतो. तो बँड खरंच वाईट होता, पण लोक खूष होते.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होते मास्तर.

मास्तर तेव्हा साठी ओलांडलेले. काळे, बुटके, पाठ ताठ. तरुणपणी संस्थानच्या बँडात होते. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, तसे मुंबईला गेले आणि एका हॉटेलात गोव्याच्या वादकांबरोबर दोन वर्षं ट्रंपेट वाजवून, डोक्यात जाझ घेऊन परत आले. पोटासाठी मग लग्नाच्या वराती केल्या. पंचवीस वर्षं. आता मुलगा हाताशी आल्यामुळं वराती सोडल्या होत्या आणि आम्हाला शिकवत होते. आमच्यापैकी सहाजणांना नोटेशन वाचता येत नव्हतं. मास्तर सगळं तोंडानं म्हणून दाखवायचे आणि आम्ही ते भजनाच्या चालीसारखं पाठ करायचो.

जाझ म्हणजे काय, हे सरांना पाऊण तासात सांगता आलं नाही ते मास्तर एका वाक्यात सांगायचे. ते म्हणायचे, चाल सगळ्यांची एकच. आपली पाळी आली की आपण गल्लीबाहेर हिंडून यायचं आणि वेळेत घरी परतायचं. पाळी आली की मास्तर डोळे मिटायचे. चालीची एक फेरी व्हायची, दुसरी व्हायची, मग ते डोळे उघडायचे. डोळे उघडले की आम्ही सगळ्यांनी एकदम शिरायचं. पण एखाद्या दिवशी ते फार रंगले, की मी ड्रमच्या काठावर काडीनं टकटक असे दोन ठोके द्यायचो. त्याचा अर्थ, होऊ दे अजून एक. मग मास्तर मिटल्या डोळ्यांनीच हसायचे आणि पुन्हा फिरायला निघायचे. हा अधिकार फक्त माझा होता आणि मला त्याचा फार गर्व होता.

मास्तरांची एकच इच्छा होती. ती त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की खालच्या पैलवानांनाही पाठ झाली असावी. पंचवीस वर्षं त्यांनी वरातीत वाजवलं. पुढं नाचणाऱ्यांच्या पाठी आणि मागं नवऱ्याचं घोडं. कोणी त्यांच्याकडं तोंड करून ऐकलं नाही आणि कोणी एका जागी थांबलं नाही. एकदा तरी माणसं समोर बसावीत, त्यांचा सोलो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा आणि तो संपेपर्यंत एकानंही उठू नये. टाळ्या नको, हार नको. फक्त बसावं.

त्यात घाई होती, ती दाताची. वरचा पुढचा दात हलायला लागला होता. ट्रंपेट ओठावर दाबावा लागतो आणि ओठाच्या मागं दात लागतो. दात गेला की वाजवणं संपलं. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की फार तर शिमग्यापर्यंत टिकेल. मास्तरांनी त्या दाताला जपायला सुरुवात केली ती एखाद्या तान्ह्या पोराला जपावं तशी. पेरू सोडला, चिवडा सोडला, भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. मटणाचा नुसता रस्सा प्यायचे. गावात बातमी पसरली की मास्तरांनी माळ घातली.

अशात आम्हाला एका साखर कारखान्याचं बोलावणं आलं. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण तिथं आमचे सोयरे आहेत. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की कार्यक्रम, मग जेवण. फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी शंका काढली नाही, हे आम्हाला विशेष वाटलं. बोलावणं घेऊन आलेल्या माणसानं फक्त एवढं सांगितलं, की पहिला भाग बाराच्या आत आटपा, भोंगा होतोय. मी म्हटलं, बरं. आमंत्रण देणारा प्रत्येक माणूस काही ना काही आटपा म्हणतोच. पहिला भाग म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. जकात नाक्यावर इतकी वर्षं ‘आत काय आहे’ हेच विचारायचं काम केलं, आणि नेमकं तिथं विचारलं नाही.

मास्तरांनी परीटघडीचा कोट घातला. कारखान्याच्या ट्रकमधून आम्ही नऊजण आणि माझे ड्रम सकाळी पोचलो. पोचल्या पोचल्या एकानं माझ्या आणि मास्तरांच्या हातात हातभर लांब उसाचं एकेक कांडं दिलं.

मास्तर कांड्याकडं बघत राहिले. कारखान्यावर येऊन ऊस न खाता जायचं म्हणजे देवळात जाऊन हात न जोडण्यासारखं आहे, असं त्या माणसाचं म्हणणं. मास्तर म्हणाले, नंतर खातो. तो म्हणाला, आत्ता खावा, ताजा हाय. तो समोरून हलेना. शेवटी मीच मास्तरांच्या हातातून कांडं काढून घेतलं आणि माझं आणि त्यांचं अशी दोन्ही कांडी खाल्ली. तो गेला आणि तेवढ्यात दुसरा आला, त्याच्याही हातात कांडी होती. मांडवात जाईपर्यंत माझे जबडे दुखायला लागले होते. शेवटचं एक आखूड कांडं मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं.

मांडव भरलेला होता. पुढं संचालकांसाठी लोखंडी खुर्च्या, मागं जाजमावर तीनशे तरी माणसं. अंघोळी केलेली, डोक्याला तेल चोपडलेली, धुतलेल्या कपड्यातली. आणि सगळी आमच्याकडं तोंड करून बसलेली. मास्तरांनी पडद्याच्या फटीतून तो मांडव बघितला आणि माझा दंड घट्ट धरला.

मग भाषणं सुरू झाली. प्रत्येक भाषण करणारा आपण दोनच शब्द बोलणार असल्याचं सांगायचा. आमचा सत्कार झाला, आम्हाला फेटे बांधले, सरांचा चष्मा फेट्यात अडकला. दहाचा कार्यक्रम सव्वाअकराला सुरू झाला. आम्ही पाच गाणी वाजवली. लोकांनी ऐकून घेतली, असं म्हणणं बरोबर होईल. मागं एकजण जाझला हात जोडून बसला होता. कुठल्या देवाचं आहे हे त्याला कळलं नसावं, पण त्यानं धोका पत्करला नाही.

मास्तरांचा सोलो शेवटच्या संथ गाण्यात होता. ते पुढं आले, फेटा सारखा केला, ट्रंपेट ओठाला लावला आणि डोळे मिटले. पहिल्या सुरालाच मला कळलं की आज त्यांनी दाताची पर्वा सोडलेली आहे. आवाज असा लागला की पुढच्या रांगेतल्या संचालकानं पानाचा डबा मिटून मांडीवर ठेवला. मी त्यांच्यामागं ठोका धरला होता. पहिली फेरी झाली.

आणि बाराचा भोंगा झाला.

साखर कारखान्याचा भोंगा म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही. तो मांडवाच्या कापडातून, माझ्या ड्रमच्या कातड्यातून, सरांच्या चष्म्यातून गेला. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. ते भोंग्याच्या सुरात सूर मिळवून उभे राहिले आणि तो खाली उतरला तसे त्याच्याबरोबर उतरून पुन्हा चालीवर आले. आयुष्यात मी इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही. आणि ते ऐकायला समोर कोणी नव्हतं, कारण भोंगा झाल्याबरोबर सगळा मांडव उठून उभा राहिला होता.

ती दुपारच्या पाळीची माणसं होती. भोंगा झाला की उठायचं आणि कामावर जायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कोणी आमचा अपमान केला नाही. उठताना दोघांनी आम्हाला नमस्कारसुद्धा केला. ती उठली म्हणून गावातली माणसं उठली, ती उठली म्हणून संचालक उठले. सगळे अनवाणी पायांनी जाजमावरून गेले, चपला बाहेर होत्या, म्हणून आवाज फारसा झाला नाही. बघता बघता मांडवात एक झोपलेला म्हातारा आणि मांडववाल्याचे दोन गडी उरले.

मास्तरांची दुसरी फेरी संपत आली. आता ते डोळे उघडणार. मला समोर दिसत होतं ते रिकामं जाजम, आणि आणखी चार ठोक्यांत ते त्यांना दिसणार होतं. मी काही विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मी घाबरलो आणि काडीनं टकटक असे दोन ठोके दिले. मास्तर मिटल्या डोळ्यांनी हसले आणि तिसऱ्या फेरीला निघाले.

पुढं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. तिसरी संपत आली, मी पुन्हा दोन ठोके दिले. चौथी संपत आली, पुन्हा. आमचे बाकीचे सातजण माझ्याकडं असे बघत होते की ह्याला उसाची नशा चढली असावी. तेवढ्यात गड्यांनी कार्यक्रम संपला असं समजून खुर्च्या गोळा करायला घेतल्या. लोखंडी खुर्ची मिटली की जो खटका होतो तो ऐकून मेलेला माणूस डोळे उघडेल. मी हनुवटीनं नको नको म्हणालो. त्यांनी खुर्च्या सोडल्या आणि जाजम गुंडाळायला घेतलं.

तेव्हा सरांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानलं. ते क्लॅरिनेट वाजवत वाजवत पायऱ्या उतरले, जाजमाच्या मधोमध गेले आणि मांडी घालून बसले. डोक्यावर फेटा, तोंडात क्लॅरिनेट. गडी एका टोकानं जाजम गुंडाळत आले आणि सरांपाशी येऊन थांबले. एकानं त्यांना उठायची खूण केली. सरांनी वाजवत राहूनच मान हलवली.

सहावी फेरी. सातवी. मास्तरांच्या ओठाच्या कडेला लाल दिसायला लागलं. आता मला दोन भीती होत्या. थांबवलं तर त्यांना रिकामा मांडव दिसणार, नाही थांबवलं तर दात जाणार. मी टकटक केलं. प्रत्येक वेळी हात थरथरत होता आणि प्रत्येक वेळी मी केलंच.

आठव्या फेरीला मांडवाच्या तोंडाशी एक माणूस आला. अंगावर तेलकट निळे कपडे, पायाला चिपाडाचा भुसा. त्यानं आत बघितलं, चपला काढल्या आणि सरांच्या शेजारी येऊन बसला. त्याच्यामागून दुसरा आला. मग दहा, मग पन्नास. गड्यांनी जाजम परत उलगडलं. पहाटे चारला कामावर गेलेली पाळी सुटली होती, आणि ती सगळी आत येत होती. त्या कारखान्याची रीतच तशी होती, हे मला नंतर कळलं. भाषण असो, भजन असो, प्रत्येक कार्यक्रम भोंग्याच्या अलीकडं एकदा आणि पलीकडं एकदा व्हायचा, म्हणजे कोणावर अन्याय नको. तिथं हे पोराटोराला माहीत होतं, म्हणून आम्हाला कोणी वेगळं सांगितलं नाही.

अकराव्या फेरीला सूर फुटला. शिट्टीसारखी हवा आली. मास्तरांनी ट्रंपेट खाली घेतला आणि डोळे उघडले. समोर तीनशे माणसं मांडी घालून त्यांच्याकडं तोंड करून बसली होती आणि कोणीही उठत नव्हतं. आम्ही सगळे एकदम शिरलो आणि गाणं संपवलं. मास्तरांनी रुमाल तोंडाला लावला, त्यात काहीतरी घेतलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथं ऊस होताच.

मग मागून एकजण उभा राहिला. तो म्हणाला, “पावणं, आमी आत्ता आलोय. पयल्यापासनं हुं द्या की.”

आम्ही पयल्यापासनं वाजवलं. मास्तर खाली जाऊन पुढच्या खुर्चीवर बसले, तोंडाला रुमाल लावून. सगळी सहा गाणी त्यांनी ऐकली. त्यांच्या सोलोच्या जागी आम्ही नुसता ठेका धरला, दोन फेऱ्या, आणि त्यांनी खुर्चीत बसून डोळे मिटले. जेवणात त्यांनी रस्सा घेतला.

त्यानंतर त्यांनी ट्रंपेट वाजवला नाही. नंतर कवळी बसवली, पण कवळीवर सूर लागेना. आमची संस्था अजून काही वर्षं चालली, मग तालमीनं माडी पाडली आणि ‘इतर’ या सदरात आम्ही विसर्जित झालो. गल्लीत, लग्नात, दुकानात मास्तर सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचे, की कारखान्यावर अकरा फेऱ्या वाजवल्या आणि एक माणूस उठला नाही. मी शेजारी असलो तर साक्षीला मलाच पुढं करायचे. मी मान हलवायचो. सर चष्मा पुसायचे. मला मात्र खरं ठाऊक होतं. तो दात मी पाडला होता. एखाद्या फेरीत हात आवरला असता तर शिमग्यापर्यंत तरी तो टिकला असता.

असं दहा वर्षं चाललं. मास्तर थकले, गावाशेजारी बावड्याला मुलाकडं राहायला गेले. एका दुपारी मी त्यांना भेटायला गेलो. ते खाटेवर होते, आवाज बारीक झालेला. सुनेनं चहा ठेवला. त्यांनी शेजाऱ्याला ती गोष्ट पुन्हा सांगितली, मी पुन्हा मान हलवली. शेजारी गेला आणि मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. भोंगा झाला, मांडव रिकामा झाला, मीच भिऊन ठोके देत राहिलो, तुमचा दात माझ्यामुळं गेला.

मास्तर माझ्याकडं वळले. मग म्हणाले, “डोळं झाकलं म्हणून नाक झाकतंय व्हय, लेका?”

मला कळलं नाही.

“पयल्यांदा समोरनं खोबऱ्याच्या तेलाचा वास येत हुता. मग नुसता कापडाचा. मग उसाच्या मळीचा. लग्नात वाजवलेला माणूस हाय मी. माणसं उठलेली मला कळत न्हाईत व्हय?”

मी विचारलं, मग थांबला का नाही?

“थांबणार हुतो की. डोळं उघडायलाच आलोतो आणि तुझं टकटक झालं. हात कापत हुता तुझा, ठोक्यात कळत हुतं. म्हटलं, आता डोळं उघडलं तर ह्यो सगळ्यांदेखत रडंल. म्हणून तुझ्यासाठी वाजवत ऱ्हायलो. आणि मग ती दुसरी आलीच की. आणि बसली. त्यातलं कोण उठलं, सांग बघू?”

कोणी उठलं नव्हतं, हे खरं होतं. मी तिथंच रडलो, तेव्हा जे रडायचं राहिलं होतं ते. मास्तरांनी मला रडू दिलं आणि चहा निवतोय म्हणाले. मग कवळी काढून वाटीत ठेवली, डोळे मिटले आणि बोळक्या तोंडानंच ती संथ चाल धरली. एक फेरी झाली, दुसरी झाली. दुसरी संपत आली तसे मी चमच्यानं बशीच्या काठावर दोन ठोके दिले.